पिकलीझ: हैतीचं तिखटजाळ कोबीचं लोणचं, घरच्या घरी

तळणाबरोबर काहीतरी आंबट-तिखट हवंच, हे मराठी माणसाला सांगायला नको. वडापावाबरोबर मिरची आणि लसणाची चटणी, तळलेल्या बांगड्याबरोबर लिंबाची फोड, भज्यांबरोबर कच्चा कांदा. कॅरिबियन समुद्रातल्या हैती देशात हेच काम पिकलीझ करतं. बारीक चिरलेला कोबी, गाजर, ढोबळी मिरची, कांदा आणि डोळ्यांतून पाणी काढणारी स्कॉच बॉनेट मिरची, हे सगळं व्हिनेगरमध्ये मुरवलेलं. त्यात तेल नाही, फोडणी नाही, मोहरीची डाळ नाही, हिंग-हळद नाही.

करायला सोपं आहे. गॅस पेटवावा लागत नाही, चिरायला अर्धा-पाऊण तास पुरतो. पण बऱ्याच पाककृती 'सगळं चिरा, बरणीत भरा, व्हिनेगर ओता' एवढ्यावर आटोपतात, आणि मग चार दिवसांनी कोबी लिबलिबीत, पाणी बेचव आणि मिरची नुसतीच जाळणारी अशी तक्रार येते. पिकलीझमध्ये दोनच गोष्टी सांभाळायच्या: कोबीचा कुरकुरीतपणा आणि मिरचीचा वास. खाली जे काही सांगितलंय ते सगळं या दोन गोष्टींसाठी आहे.

हे कुठलं, कशाबरोबर खातात

हिस्पॅनिओला बेटाचा पश्चिमेकडचा साधारण एक तृतीयांश भाग म्हणजे हैती, उरलेला डॉमिनिकन रिपब्लिक. कोबी-गाजर ही थंड हवेतली पिकं या उष्ण देशात कुठून आली असं वाटेल, पण हैती हा डोंगरांचा देश आहे. राजधानी पोर्तोप्रँसच्या वरच्या अंगाला केन्सकॉफचा डोंगराळ भाग आहे, तिथे हवा थंड असते आणि राजधानीच्या बाजारातली बरीचशी भाजी तिथूनच उतरते. मिरची मूळची अमेरिका खंडातलीच. कोबी आणि गाजर युरोपीय लोकांबरोबर आले. याच काळात तीच मिरची पोर्तुगीजांच्या जहाजांतून गोव्याच्या किनाऱ्यालाही लागली, आणि तिथेही तिची व्हिनेगरशी जोडी जमली. त्यामुळे विंदालू, रेशाद खाणाऱ्या जिभेला पिकलीझ अगदीच परकं वाटत नाही.

हैतीत रस्त्याच्या कडेला तळणाच्या गाड्या लागतात, त्या तळणाला सरसकट 'फ्रिताय' म्हणतात. त्यात ग्रियो असतो, म्हणजे आंबट संत्र्याच्या रसात आणि हिरव्या वाटणात मुरवून, शिजवून मग तळलेले डुकराच्या मांसाचे तुकडे. हा हैतीचा राष्ट्रीय पदार्थच मानला जातो. त्याच्याबरोबर कच्च्या केळ्याचे दोनदा तळलेले चपटे काप असतात, 'बनान पेझे'. अळकुडीच्या जातकुळीतल्या मलांगा नावाच्या कंदाची भजी असतात, 'आक्रा'. आणि या सगळ्यावर किंवा शेजारी चमचाभर पिकलीझ. घास तेलकट, जड, खारट. त्यावर थंडगार, आंबट, करकरीत कोबी. लोणचं म्हणून चाटून खायचा हा पदार्थ नाही आणि वाटीभर घ्यायची कोशिंबीरही नाही. चमचा-दोन चमचे, पण प्रत्येक घासाला थोडं थोडं.

कोरियाची किमची किंवा जर्मन सावरक्राउट यांच्याशी याची गल्लत करू नका. ते पदार्थ आंबवलेले असतात: मिठात कोबी ठेवून जिवाणूंकडून आम्ल तयार करून घ्यायचं. पिकलीझमध्ये आंबटपणा बाहेरून, व्हिनेगरातून येतो. त्यामुळे थांबायचं कमी, बिघडायची भीती कमी, आणि 'झालं का नाही' हे ओळखायची कटकटही नाही. एल साल्वादोरमधलं 'कुर्तिदो' हे त्याचं जवळचं भावंड, पण ते पुष्कळ सौम्य असतं.

साहित्य (एक लिटरच्या बरणीसाठी)

कोबी: 400 ग्रॅम, मधला दांडा काढून
गाजर: 1 मोठं, साधारण 100 ग्रॅम
ढोबळी मिरची: 1, लाल असेल तर उत्तम
कांदा: 1 लहान, किंवा 5-6 सांबार कांदे
स्कॉच बॉनेट किंवा हबानेरो मिरच्या: 4 ते 6 (नसतील तर पुढे वाचा)
लसूण: 5 पाकळ्या
लवंगा: 5-6
काळी मिरी: 10-12 दाणे
थाइम: 3-4 काड्या, किंवा वाळलेलं अर्धा चमचा
मीठ: 15 ग्रॅम, म्हणजे सपाट मोठा चमचा
लिंबाचा रस: 2 मोठे चमचे
पांढरं व्हिनेगर: 400 ते 450 मिली

भाज्या शक्यतो वजनावर घ्या. 'अर्धा गड्डा कोबी' या मापाला काही अर्थ नाही. आपल्या मंडईतला गड्डा अर्धा-पाऊण किलोचा, अमेरिकेतल्या दुकानातला त्याच्या दुप्पट.

कोबी घेताना हातात जड लागणारा, पानं घट्ट मिटलेली असलेला घ्या. थंडीतला कोबी सगळ्यात चांगला: गोडसर, करकरीत आणि स्वस्त. पावसाळ्यातला पाणचट असतो, त्याला मीठ लावून पिळायला जास्त वेळ द्यावा लागतो. जांभळा कोबी चालतो, फक्त दोन दिवसांत गाजर-कांद्यासकट सगळी बरणी गुलाबी होते. चायनीज कोबी मात्र नको. त्याची पानं पातळ असतात, व्हिनेगरात ती टिकत नाहीत.

थाइम मिळालं नाही तर परदेशी मसाल्यांच्या दुकानात धावायची गरज नाही. थाइमला जो वास असतो तो मुख्यतः थायमॉलचा, आणि तेच द्रव्य आपल्या ओव्यात असतं. चिमूटभर, म्हणजे खरंच चिमूटभर ओवा तळहातावर चुरडून घाला. कुंडीत पानओवा असेल तर त्याचं एखादं पान हाताने फाडून टाका. जास्त झालं तर बरणीला पोटदुखीच्या काढ्याचा वास येईल.

साखर मूळ पदार्थात नसते. व्हिनेगर फारच बोचरं निघालं तर चिमूटभर घाला, पण गोडसर पिकलीझ मला तरी रुचत नाही. ग्रियोसारख्या खमंग, तुपाळ घासासमोर ते मिळमिळीत पडतं.

मिरची: इथे घाई नको

स्कॉच बॉनेट ही कॅरिबियनमधली बुटकी, सुरकुतलेली, टोपीसारख्या आकाराची मिरची. हैतीत तिच्याच जवळच्या मिरचीला 'पिमान बूक' म्हणतात. तिखटपणा मोजायच्या स्कोव्हिल मापावर हालापेन्यो 2,500 ते 8,000 च्या घरात असते, तर स्कॉच बॉनेट 1,00,000 ते 3,50,000. पण खरी गंमत आकड्यात नाही. ही मिरची कापली की जर्दाळूसारखा, पिकल्या फळासारखा वास येतो. पिकलीझची ओळख त्या वासात आहे. आपली हिरवी मिरची घालून केलेलं लोणचं तिखट होईल, चवदारही होईल, पण बरणी उघडल्यावर तो फळाचा वास येणार नाही.

मग पुण्या-मुंबईत काय करायचं? पर्याय असे आहेत, माझ्या पसंतीच्या क्रमाने.

हबानेरो मिळाली तर प्रश्नच मिटला. ती स्कॉच बॉनेटच्याच प्रजातीची. मोठ्या शहरांतल्या विदेशी भाज्यांच्या दुकानांत अधूनमधून दिसते. बी आणून कुंडीत लावता येते. वाढायला आपल्या मिरचीपेक्षा जास्त वेळ घेते, पण एकदा धरली की एका झाडाच्या मिरच्या एका घराला संपत नाहीत.

दुसरी, सिक्कीम-दार्जिलिंगकडची डल्ले खुर्सानी. गोल, लाल, बोराएवढी. तिखटपणा स्कॉच बॉनेटच्या जवळपास आणि चवीतही थोडा फळाचा अंश. ईशान्येकडच्या वस्तू विकणाऱ्या दुकानांत ती व्हिनेगरमध्ये मुरवलेली बाटलीत मिळते. आपल्यालाही व्हिनेगरातच घालायची आहे, त्यामुळे बाटलीतली थेट चालते. आठ-दहा घ्या.

भूत जोलोकियाला वास अप्रतिम असतो, पण तिखटपणा 10 लाख स्कोव्हिलच्या वर. 2007 साली गिनीज बुकात जगातली सगळ्यात तिखट मिरची म्हणून तिची नोंद झाली होती. वापरायचीच असेल तर एक लिटरला अर्धी, आणि बाकी तिखटपणा लाल ताज्या मिरचीने भरून काढा.

यातलं काहीच नसेल तर लवंगी किंवा बारीक तिखट हिरव्या मिरच्या आठ-दहा आणि पिकलेल्या लाल मिरच्या तीन-चार, असं मिश्रण घ्या. गाजर थोडं वाढवा, म्हणजे गोडसर बाजू भरून निघते. लाल तिखट, बेडगीची पूड, मिरचीचे वाळलेले तुकडे यांतलं काही घालू नका. पाणी गढूळ होतं आणि ताज्या मिरचीची जागा काही भरत नाही.

न्यू जर्सी, बोस्टन, फ्लोरिडाकडे राहणाऱ्यांना हा सगळा खटाटोप नाही. तिथे हैतीच्या लोकांची मोठी वस्ती आहे. कॅरिबियन किंवा लॅटिनो किराणा दुकानात स्कॉच बॉनेट ढिगाने मिळते, शेजारच्या खणात तयार पिकलीझच्या बरण्याही दिसतात. एक बरणी आणून चव बघून ठेवा, म्हणजे घरचं कुठे पोचवायचं ते कळेल.

कापताना हातमोजे घाला. नसतील तर बोटांना खोबरेल किंवा गोडेतेल चोळा, काम झाल्यावर आधी कोरड्या कागदाने पुसा आणि मग साबणाने दोनदा धुवा. नुसत्या पाण्याने हात धुऊन उपयोग नाही, कारण तिखटपणा देणारं कॅपसायसिन पाण्यात जेमतेम विरघळतं, तेलात चांगलं विरघळतं. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर मिरची कापायच्या आधी काढून ठेवा, आणि त्या दिवशी परत घालूच नका. मिरच्या मिक्सरमध्ये फिरवायचा विचार असेल तर तो सोडा. झाकण उघडल्यावर घरभर ठसका लागतो आणि पिकलीझचं चटणीत रूपांतर होतं. तिखट कमी हवं असेल तर मिरचीच्या आतला पांढरा गाभा काढा. तिखटपणा बियांपेक्षा त्या गाभ्यातच जास्त असतो. लहान मुलं, वयस्कर माणसं घरात असतील तर दोन मिरच्या न कापता, नुसत्या सुरीच्या टोकाने टोचून अख्ख्या बरणीत सोडा. वास उतरतो, आग कमी उतरते.

व्हिनेगरची बाटली वाचून घ्या

लोणचं बिघडतं ते बहुतेकदा इथे. अमेरिकेतलं पांढरं व्हिनेगर 5 टक्के आम्लतेचं असतं आणि इंटरनेटवरच्या पिकलीझच्या पाककृती तेच धरून लिहिलेल्या असतात. आपल्याकडच्या किराणा दुकानातलं पांढरं व्हिनेगर बहुधा 4 टक्क्यांच्या आसपास असतं. बाटलीवर छापलेलं असतं, बघा. फरक एक टक्क्याचा दिसतो, पण म्हणजे आम्ल पाचव्या हिश्शाने कमी. त्यात कोबीचं वजन नव्वद टक्क्यांहून जास्त पाण्याचंच असतं, ते पाणी हळूहळू सुटून व्हिनेगर आणखी पातळ करतं.

हिशोब करून बघू. 4 टक्क्यांचं 425 मिली व्हिनेगर म्हणजे त्यात सुमारे 17 ग्रॅम आम्ल. एक लिटरच्या भरलेल्या बरणीत ते पसरलं की एकूण आम्लता पावणेदोन टक्क्यांच्या खाली येते. फ्रिजमध्ये ठेवायच्या लोणच्याला एवढी पुरते, पण त्यात आणखी वाटीभर पाणी घालायला जागा उरत नाही. म्हणून नियम असा: व्हिनेगरमध्ये पाणी घालायचं नाही, एक थेंबही नाही. 'फार आंबट होईल' म्हणून अर्धं पाणी घालायला सांगणारी पाककृती दिसली तर ती सोडून द्या. आणि भाज्यांमधलं पाणी आधी मिठाने काढून टाकायचं. हैतीत बरेच जण भाज्या पिळत नाहीत, थेट बरणीत भरतात. आपल्या व्हिनेगरला मात्र पिळणं सोयीचं पडतं.

अन्नविषबाधेच्या बाबतीत 4.6 हा सामू (pH, म्हणजे आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी तितका पदार्थ आंबट) महत्त्वाचा मानतात. त्याच्या खाली, म्हणजे त्याहून आंबट पदार्थात, बोट्युलिझमचा जिवाणू वाढत नाही. वरच्या प्रमाणात केलेलं पिकलीझ या रेषेच्या बरंच खाली राहतं. खात्री हवी असेल तर सामूच्या कागदी पट्ट्या मिळतात. मुरल्यावर एक बुडवून बघा, 4 किंवा कमी दिसायला हवा.

सफरचंदाचं व्हिनेगर चालतं, रंग थोडा मळकट येतो. गोव्याकडचं माडाच्या सुरेचं व्हिनेगर चवीला फार छान लागतं, पण घरगुती बाटलीवर आम्लता लिहिलेली नसते. ते वापरायचं तर अर्धं पांढरं आणि अर्धं माडाचं घ्या आणि आठवड्याभरात संपवा. आणि ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड आणून घरी पाणी घालून व्हिनेगर 'बनवणं' हा प्रकार करू नका. ते त्वचा जाळणारं तीव्र आम्ल आहे, स्वयंपाकघरात त्याचं काम नाही.

कृती

1. काचेची बरणी गरम पाणी आणि साबणाने धुऊन पूर्ण कोरडी करा. उन्हात पालथी ठेवलेली बरी. झाकण प्लॅस्टिकचं घ्या. पत्र्याचं असेल तर बरणीच्या तोंडावर बटर पेपरचा तुकडा ठेवून मग लावा, नाहीतर व्हिनेगरच्या वाफेने ते गंजतं. चिनी मातीची बरणी चालेल. ॲल्युमिनियम, तांबं, पितळ अजिबात नको.

2. कोबीची वरची दोन-तीन पानं काढून टाका, गड्ड्याचे चार भाग करा आणि पानांत अळी लपलेली नाही ना ते बघा. मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवून, धुऊन निथळत ठेवा. निथळणं महत्त्वाचं.

3. कोबी चिरायला घरात विळी असेल तर ती काढा. कोबीचा पाव गड्डा दोन्ही हातांनी धरून पात्यावर दाबत नेला की लांब, दोरीसारखे, दोन-तीन मिलिमीटर जाडीचे तुकडे सटासट पडतात. सुरीनेही होतं, पात्याला धार हवी. किसणी मात्र वापरू नका. किसलेल्या कोबीच्या कडा चिरडतात, त्यातून पाणी सुटतं आणि तिसऱ्या दिवशी लगदा होतो. फूड प्रोसेसरला काप करायची चकती असेल तर ठीक. फार जाड काप केले तर कुरकुरीत राहतात, पण मुरायला वेळ लागतो आणि चमच्यात नीट येत नाहीत. गाजराच्या काडेपेटीतल्या काडीएवढ्या काड्या करा. गाजर टणक असतं, त्यामुळे ते किसणीच्या मोठ्या भोकांतून काढलं तरी चालतं. ढोबळी मिरची आणि कांदा उभे पातळ चिरा.

4. तिखट मिरच्या आणि लसूण सोडून बाकी सगळ्या भाज्या मोठ्या परातीत घ्या, मीठ टाका आणि हाताने हलकं चोळा. पोह्यांना मीठ-साखर लावतो तेवढंच, मळायचं नाही. अर्धा तास झाकून ठेवा. पावसाळ्यातला कोबी असेल तर पाऊण तास. परातीच्या तळाला पाणी साचलेलं दिसेल आणि कोबीचा काप वाकवला की तुटण्याऐवजी वळेल. हीच खूण.

5. आता पिळा. मूठभर भाजी घेऊन दोन्ही तळहातांत दाबायची, पाणी निघेल तेवढं काढायचं, पण कपडे पिळतो तशी पिळवटायची नाही. अर्धी वाटी, कधी त्याहून जास्त पाणी निघतं. धुवायची नाही. जे मीठ आत राहिलंय तेवढंच लोणच्याला लागतं. एक काप चाखा. भाजीपेक्षा किंचित खारट लागला पाहिजे. अळणी वाटला तर पाव चमचा मीठ वाढवा. निघालेलं पाणी आमटीत किंवा कणकेत जिरवा, तिथलं मीठ मात्र बेताने घाला.

6. मिरच्यांच्या पातळ चकत्या करा. लसणाच्या पाकळ्या उभ्या चिरा, ठेचू नका. पिळलेल्या भाजीत मिरच्या, लसूण, लवंगा, मिरी आणि थाइम घालून चमच्याने किंवा हातमोजे घालून कालवा. इथून पुढे उघडा हात नको.

7. बरणीत भरा. थोडं भरायचं, लाकडी चमच्याच्या मागच्या टोकाने दाबायचं, पुन्हा भरायचं. मध्ये हवेचे पोकळ खिसे राहू देऊ नका. गळ्यापासून दोन बोटं जागा सोडा. लिंबाचा रस घाला, मग व्हिनेगर ओता. लांब सुरी बरणीच्या कडेने खाली घालून दोन-तीनदा हलवा, बुडबुडे वर येतील आणि पातळी खाली जाईल. पुन्हा व्हिनेगर घाला. भाजी व्हिनेगरात पूर्ण बुडलेली असली पाहिजे. एखादा काप वर डोकावत असेल तर कोबीचं एक अख्खं पान दुमडून वर खोचा, ते बाकीच्यांना खाली दाबून धरतं.

व्हिनेगर उकळून गरम ओतायचं का? काही जण ओततात, त्याने लवकर मुरतं. पण गरम व्हिनेगरने कोबी अर्धवट शिजतो आणि मिरचीचा ताजा वास उडतो. घाई असेल आणि त्याच संध्याकाळी पाहुणे असतील तर करा, एरवी थंडच.

8. झाकण लावून फ्रिजमध्ये. हैतीत पुष्कळ घरांत बरणी बाहेरच असते. आपल्या 4 टक्क्यांच्या व्हिनेगरला आणि मे महिन्याच्या उकाड्याला मी तो धोका पत्करणार नाही. पहिल्या दोन दिवसांत रोज एकदा बरणी उलटीसुलटी करा म्हणजे मिरची एका जागी बसणार नाही.

दुसऱ्या दिवशी खाता येतं, पण तेव्हा व्हिनेगर वेगळं, कोबी वेगळा आणि मिरची वेगळी लागते. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी तिघांची गट्टी जमते आणि व्हिनेगरही तिखट होतं. महिना-दीड महिना चांगलं राहतं. त्यानंतर खराब होतंच असं नाही, पण करकरीतपणा कमी होत जातो. काढताना कोरडा, स्वच्छ चमचा. हे लोणच्याच्या प्रत्येक बरणीला लागू आहे, आजीने शंभरदा सांगितलेलं असतं, तरी कोणीतरी भाताचा चमचा घालतंच.

काही दिसलं तर

लसूण निळा किंवा हिरवा पडला तर घाबरू नका. लसणातली गंधकयुक्त द्रव्यं आम्लात तसा रंग धरतात, खायला काही हरकत नाही. पाणी किंचित ढवळ दिसलं तर ते मिठाच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून त्यात घातलेल्या पुडीमुळे असू शकतं. झाकण उघडल्यावर गंधकासारखा उग्र वास आला तर तो कोबीचा स्वभाव आहे, एक-दोन मिनिटांत विरतो.

पण बुडबुडे येत असतील, झाकण फुगलं असेल, पाणी चिकट तार धरत असेल किंवा वर बुरशी दिसली तर बरणी फेकून द्या. बुरशीचा थर काढून खालचं वापरायचं नाही. ही लक्षणं म्हणजे आम्ल कमी पडलं.

फारच तिखट झालं तर मिठात पिळलेला आणखी थोडा कोबी आणि गाजर घ्या, बरणीतली भाजी दोन बरण्यांत वाटा आणि दोन्हींत ताजं व्हिनेगर भरा. खाताना तोंड भाजलं तर पाणी पिऊन उपयोग नाही. दही किंवा दूध घ्या.

बरोबर काय करायचं

ग्रियो करायचा तर तो वेगळा लेखच होईल. बनान पेझे मात्र लगेच करता येतात. राजेळी किंवा केरळी दुकानातली कच्ची नेंद्र केळी घ्या. साल काढून दोन बोटं जाडीचे तिरके काप करा. मध्यम आचेवर तेलात फक्त मऊ होईपर्यंत तळा, रंग येऊ देऊ नका. बाहेर काढून वाटीच्या बुडाने दाबून चपटे करा. ठेचलेला लसूण आणि मीठ घातलेल्या पाण्यात क्षणभर बुडवा, नीट निथळा (तेल उडतं, जपून) आणि कडक तेलात सोनेरी, कुरकुरीत तळा. भाजीची साधी कच्ची केळी घेतली तरी चालतात, फक्त दाबताना थोडी फुटतात. त्यावर गरम असतानाच पिकलीझ.

आपल्या ताटात ते तळलेल्या माशाबरोबर सगळ्यात छान जमतं. सुरमई, बांगडा, बोंबील, काहीही. बटाटेवडा, साबुदाणा वडा, कांदाभजी यांच्याबरोबरही. पोळीत गुंडाळलेल्या अंड्याच्या पोळीत दोन चमचे घाला. वरणभाताबरोबर मात्र नको. व्हिनेगरचा आंबटपणा तुपाशी जुळत नाही, तिथे आपलं लिंबाचं लोणचंच बरं.

भाजी संपल्यावर उरलेलं व्हिनेगर ओतून देऊ नका. त्याच्यात दुसरी भाजी भरून नवं लोणचं करायचं नाही, कारण आतापर्यंत ते पातळ झालेलं असतं. पण गाळून बाटलीत भरलं की झणझणीत सॉस तयार. मासे-कोंबडी मुरवायला, उकडलेल्या अंड्यावर, शेवेच्या भेळेवर चार थेंब. हैतीत अशाच पाण्यात कांदा, लिंबू आणि थोडी मिरची घालून 'सॉस ती मालिस' करतात. त्याची एक लोककथाही आहे. ती मालिस हा लबाड, बूकी हा त्याचा भोळा, खादाड मित्र. बूकी रोज जेवायच्या वेळेला बरोबर दारात हजर. त्याला कायमचा घालवायचा म्हणून ती मालिसने मटणावर जळजळीत तिखट सॉस ओतला. बूकीने एक घास खाल्ला, डोळे पुसत गावभर पळत सुटला आणि ओरडून सांगायला लागला, 'अरे या, ती मालिसने काय सॉस केलाय, येऊन बघा!'